ख्रिस्ती नातलगाच्या मातीला जाताना : गोव्यात नव्याने आलेल्यांसाठी

‘मातीला जाऊन आलो’ असं आम्ही कुडाळकडची माणसं सहज म्हणतो, आणि जाऊन येतो ते चितेपाशी. हातात खरोखर माती घ्यायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली ती बार्देशात, धाकट्या मावशीचे यजमान गेले तेव्हा. मावशी लग्न करून ख्रिस्ती घरात गेलेली. तिचे यजमान आम्हा भाचरांचे काका, आणि त्यांच्या पुतण्यांचे ‘तीव’. त्या तीन दिवसांत आम्ही माहेरच्या लोकांनी इतके घोळ घातले की त्यातूनच पुढे शहाणपण आलं. आता म्हापशाला राहून बरीच वर्षं झाली. वेर्ण्याला नोकरीसाठी आलेली, इथे मुलगी दिलेली किंवा ख्रिस्ती घरमालकाकडे भाड्याने राहणारी मराठी माणसं अशा वेळी फोन करून विचारतात, ‘जायचं कसं? करायचं काय?’ त्यांना जे सांगतो तेच इथे लिहून काढतोय.

फोन आल्यावर

आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कधी नेणार?’ तो गिळा. आपल्याकडे मयत घरात फार वेळ ठेवत नाहीत, सकाळी गेलेल्या माणसाला दुपारपर्यंत पोचवून लोक आंघोळ करून मोकळे होतात. इथे बहुतेक घरांतला एक मुलगा आखातात असतो, एखादी मुलगी इंग्लंडात किंवा कॅनडात असते. ती पोचल्याशिवाय पेटी उचलत नाहीत. तोवर देह शवागारात असतो आणि घर थांबलेलं असतं. त्यात कुणाचा हलगर्जीपणा नसतो, रीतच तशी आहे. आमचे मोठे मामा दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर बसून तिसऱ्यांदा ‘अजून किती वेळ?’ म्हणाले तेव्हा काकांच्या बहिणीने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि काहीच बोलली नाही. त्यानंतर मामांनी विचारलं नाही.

तेव्हा फोनवर एवढंच विचारा : घरी कधी आणणार, आणि मिस किती वाजता. मिस म्हणजे चर्चमधली प्रार्थना. मग जवळचं नातं असेल तर आजच जाऊन भेटून या, लांबचं असेल तर मिसच्या दिवशी जा. दोन्ही दिवस गेलात तर उत्तम.

बातमी दोन वाटांनी फिरते. गावात इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा मरणाच्या ठेक्यावर वाजते. ती ऐकून बायका दारात येऊन एकमेकींना विचारतात, कोण? बाहेरगावी मोबाइलवर फोटोसकट निरोप जातो, आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी पेपरांत निधनवार्ता येते. इथे माहेरच्या माणसांनी एक काम अंगावर घ्यावं. ख्रिस्ती कुटुंबाची जाहिरात इंग्रजी पेपरात जाते, पण सावंतवाडी, वेंगुर्ला, बेळगाव इथले आपले नातेवाईक वाचतात ‘तरुण भारत’. म्हणून मराठी मजकूर आपण लिहून द्यावा आणि छापायला देण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवावा. नावांचा क्रम आणि स्पेलिंग याबाबत ही घरं फार काटेकोर. आम्ही काकांच्या आडनावात एक अक्षर चुकवलं होतं. ते छापून आलं आणि त्यावरून वर्षभर थट्टा ऐकली. थट्टाच झाली, हे नशीब.

डॉक्टरचा दाखला हातात असल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. इस्पितळात मृत्यू झाला तर तो तिथेच मिळतो. घरी झाला तर आधी नेहमीच्या डॉक्टरला बोलवायचं, पेटीवाल्याला नंतर.

थांबण्याचे दिवस

खरी मदत इथे लागते, आणि आपण नेमकं इथेच नुसते बसून राहतो. घरच्यांना प्रश्न विचारू नका. प्रत्येक वाड्यावर एक माणूस असतो ज्याला सगळं ठाऊक असतं : सांक्रिस्तांवाला कुणी कळवलं, फोंड कुठला ठरला, खुर्च्या कुठून येणार. सांक्रिस्तांव म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारा सेवक, आणि फोंड म्हणजे पुरण्यासाठी खणलेला खड्डा. त्या माणसाला शोधा आणि म्हणा, ‘मला काहीतरी सांगा.’ तो सांगतो.

विमानतळावरून माणूस आणायचं काम आलं तर आधी कोणता ते विचारा. २०२३ च्या जानेवारीपासून गोव्यात दोन विमानतळ चालतात : दक्षिणेला दाबोळी, उत्तरेला पेडण्यातला मोपा. आमच्यातला एक हुशार पहाटे दाबोळीला जाऊन उभा राहिला, आणि तेवढ्यात काकांचा मुलगा मोप्याला उतरून टॅक्सीने घरी पोचलासुद्धा. बाप गेलेला मुलगा, आणि घ्यायला कुणी नाही. तो काही बोलला नाही, पण ते मला अजून लागतं.

दुसरं काम कपड्यांचं. ख्रिस्ती माणसाला त्याच्या चांगल्या कपड्यांत पोचवतात : सूट, टाय, बूट, हातात जपमाळ. हे कपडे वेळेत शवागारात द्यावे लागतात. काकांचा लग्नातला कोट मावशीने कपाटातून काढला तेव्हा खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला. चाळीस वर्षांपूर्वीचा कोट, काकांना होणार कसा? मावशी तो छातीशी धरून बसली. दुसरा कोट होता, पण तिला हाच हवा होता. शेवटी वाड्यावरच्या शिंप्याने पाठीची शिवण उसवून दिली. समोरून पाहताना कोट अगदी बेतल्यासारखा दिसत होता. पाठ कोण पाहतो?

जेवणाचं म्हणाल तर घरात चूल पेटत नाही, शेजारून पेज येते, लोणचं येतं. आपणही डबा न्यावा, साधा. मासळी-मटणाचा विचार करत बसू नका, वरणभात चालतो. डबा परत मागू नका.

घरी, पेटीजवळ

मिसच्या दिवशी सकाळी देह घरी आणतात. बाहेरच्या मोठ्या खोलीत पेटी उघडी ठेवलेली असते, उशाशी क्रूस आणि मेणबत्त्या. बायका भोवती बसून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत असतात. तुम्ही आत शिरून पेटीपाशी क्षणभर उभे राहा, हात जोडा. कुणी वाकून कपाळाला ओठ लावतात, कुणी पवित्र पाणी शिंपडतात. तुम्ही नमस्कार केलात तरी कुणाला खटकत नाही. चपला बाहेर काढाव्यात का? बहुतेकजण घालूनच आत जातात. मी काढतो, सवय.

घालायचं काय, तर पांढरं किंवा काळं. फिक्या राखाडी रंगाचा शर्टही चालतो. लाल-पिवळी साडी नको. फुलं न्या, मेणबत्त्या न्या. हार चालतो. उदबत्ती तेवढी घरी ठेवा.

बोलायचं काय, हा नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घोर. विधवेचा हात धरा आणि थोडा वेळ धरून ठेवा. ‘देवाची इच्छा’ म्हणू नका, ‘सुटले बिचारे’ तर नकोच. तुमचं मराठी त्यांना कळतं, त्यांची कोंकणी तुम्हाला दोन दिवसांत कळेल. प्रार्थनेत एक ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येईल, ‘सासणाचो विसव’, कायमची विश्रांती. ती म्हणता आली तर त्यांच्या सुरात म्हणा, नाहीतर गप्प बसा. दोन्ही ठीक.

आता अवघड भाग. मुलगी आपल्या घरची असली की आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना आपले विधी आठवतात. आमच्याकडून आलेल्या एका आत्याबाईंनी पेटी घरात येताच मावशीच्या कपाळाकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं आणि त्या उठायला लागल्या. आईने त्यांना ‘जरा पाणी द्या हो’ म्हणत स्वयंपाकघरात नेलं आणि तिथेच गुंतवून ठेवलं. तुमच्याकडेही अशा कुणी असतील तर आधीच एखादी खमकी बाई नेमून ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव २०२२ मध्येच ग्रामसभेत केला. आपण ते परक्या घरात जाऊन पुन्हा सुरू करायचं कारण नाही. मावशी पुढे वर्षभर काळ्या कपड्यांत राहिली, ती तिच्या सासरची रीत. ती तिने स्वतः पाळली.

पण सगळंच टाळावं असंही नाही. मोठे मामा सदऱ्याच्या खिशात तुळशीचं पान घेऊन आले होते, कागदात गुंडाळून. मेव्हण्याच्या मुखात ठेवायचं त्यांच्या मनात. आम्ही पोरं घाबरलो, पाद्री यायची वेळ झालेली. मामांनी सरळ काकांच्या थोरल्या बहिणीला विचारलं. ती ऐंशीच्या पुढची, रोज सकाळी मिसला जाणारी. तिने कागद उघडून पाहिला आणि म्हणाली, ‘पानच न्हय तें? फुलांभितर दवर.’ मामांनी ते काकांच्या हातापाशी, शेवंतीच्या फुलांत ठेवलं. विचारलं म्हणून झालं. गुपचूप ठेवायला गेले असते तर काय झालं असतं, याची मला कल्पना करवत नाही. तेव्हा काही करायचं मनात असेल तर घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला विचारा. पुरुषांना विचारू नका, ते पाद्रीला विचारायला जातात.

इगर्जीत आणि सिमितेरीत

घरापासून चर्चपर्यंत लोक पायी निघतात, अंतर फार असेल तर गाडीने. काही गावांत पुढे बँड असतो आणि संथ सूर वाजवत जातो. लग्नाचा बँड ऐकून वाढलेल्या माणसाला ते पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं. लाल-पांढरे झगे घातलेली मंडळी दिसली तर ती कोंफ्रारियाची, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळाची. त्यांच्या रांगेत घुसू नका, मागून चाला.

चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसा. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायची सक्ती नाही. मध्येच शेजारची माणसं वळून तुम्हाला हात जोडतील, ती शांतीची खूण, तुम्हीही जोडा. थोड्या वेळाने लोक रांगेने पुढे जाऊन पाद्रीच्या हातून पांढरी चकती घेतील. तो प्रसाद नव्हे. बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असलेलं ते संस्काराचं दान आहे. रांगेत उभे राहू नका, बाकावर बसून राहा, कुणी काही मनात आणत नाही. आमच्या एका भावाने भक्तिभावाने हात पुढे केलाच होता. पाद्रींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळले.

सिमितेर म्हणजे दफनभूमी, ती बहुधा चर्चच्या आवारात किंवा जवळच असते. पणजीत मात्र सांतिनेजला ख्रिस्ती सिमितेर, मुसलमानांचं कबरस्तान आणि हिंदूंची स्मशानभूमी एकाच भागात आहेत. पत्ता सांगताना नुसतं ‘सांतिनेज’ म्हणू नका, रिक्षावाला कुठेही नेऊन सोडेल.

काका गेले ते जुलैत. पावसात सिमितेरीत जायचं तर मोठी छत्री आणि पकड असलेली चप्पल हवी, जांभ्याची माती ओली झाली की साबणासारखी होते. फोंडात पाणी साचलं होतं. दोन माणसं बादलीने ते उपसत होती, पाद्री छत्रीखाली प्रार्थना म्हणत होते, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत होते. प्रार्थना संपल्यावर झाकण लावलं. मग दोर घालून पेटी खाली सोडतात. त्यानंतर जवळचे, मग सगळे, एकेक मूठ माती टाकतात.

त्या मातीचा लाकडावर पडणारा आवाज चितेजवळ वाढलेल्या माणसाला माहीत नसतो. मलाही नव्हता. चितेचा आवाज वाढत जातो, हा पहिल्यांदा ठणठणीत येतो आणि मुठीगणिक बोथट होत जातो. लहान मुलं सोबत असतील तर आदल्या रात्री त्यांना काय होणार ते सांगून ठेवा, किंवा त्यांना फाटकापाशी उभं करा. मावशीची नात तेव्हा सहा वर्षांची. तिने ‘आजोबा भिजतील’ एवढंच म्हटलं, आणि तोवर सावरून उभे असलेले सगळे मोडले.

माती दिल्यावर घरची माणसं फाटकाजवळ ओळीने उभी राहतात. एकेकाला हात जोडून किंवा हातात हात घेऊन पुढे सरकायचं. इथे गप्पा नकोत, मागे पन्नास माणसं पावसात उभी असतात.

घरी येऊन आंघोळ करायची का? आम्ही केली. सुतक किती धरायचं हे मात्र भटजींना विचारायला गेलो नाही. विचारलं असतं तर काहीतरी सांगितलंच असतं.

त्यानंतर

मातीनंतर घरी रोज संध्याकाळी प्रार्थना असते, आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये मिस. आपल्या दहाव्या-बाराव्याच्या हिशेबाने वाट पाहत बसाल तर सातवा चुकेल. सातव्याला जायलाच हवं. मातीला गर्दी असते, सातव्याला कोण आलं ते घरच्यांच्या लक्षात राहतं. पुढे महिन्याचं मिस, मग वर्षाचं. मिससाठी चर्चमध्ये थोडे पैसे देऊन मृताचं नाव लावता येतं. तुम्ही हिंदू असलात तरी हे करता येतं, आणि घरच्यांना फुलांपेक्षा याचं अप्रूप जास्त.

कागदांचं थोडक्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, गावात पंचायतीत, शहरात नगरपालिकेत. त्यानंतर उशिराचं शुल्क लागतं, आणि महिना उलटला की परवानग्यांचे हेलपाटे सुरू होतात. इस्पितळातला मृत्यू इस्पितळ कळवतं, घरातला आपण कळवायचा. नोंद करताना नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी आणि आधारशी जुळतंय का ते पाहा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांचे जन्मदाखले पोर्तुगीज वळणाचे असतात. एका कागदावर एक, दुसऱ्यावर भलतंच, असं सर्रास सापडतं. दाखल्याच्या चारपाच प्रती एकदमच काढा.

मालमत्तेबद्दल बोलू नका, एवढाच माझा सल्ला. पण आपली माणसं बोलतातच, म्हणून निदान खरं काय ते माहीत असू द्या. गोव्यात सर्व धर्मांना एकच कौटुंबिक कायदा लागू आहे. त्याचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे, आणि वारशाचा भाग आता २०१२ च्या गोवा कायद्यात आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेचा अर्धा वाटा पती-पत्नीपैकी मागे राहिलेल्याचा आधीपासूनच असतो. तो वारसा नव्हे, त्याचा स्वतःचाच. उरलेल्या अर्ध्यात मुलांचा हक्क, आणि मुलं असताना मृत्युपत्राने हवं तसं देता येतं ते त्या अर्ध्याच्याही अर्ध्यापुरतं. तेव्हा ‘आता मावशीला घरात ठेवतील ना?’ ही माहेरची काळजी बऱ्याच अंशी फुकटची असते. मामांना हे कळल्यावर ते पहिल्यांदा मोकळेपणी जेवले.

२ नोव्हेंबर लक्षात ठेवा. त्या दिवशी सगळ्या सिमितेरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतात, पाद्री येऊन कबरींना आशीर्वाद देतात. घरचे आदल्या दिवशी जाऊन कबर धुतात. जमलं तर त्या धुण्याला जा, आशीर्वादाला सगळे असतात. जाताना घरून बादली आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश न्या. सिमितेरीतल्या नळावर त्या दिवशी रांग असते.

आणखी एक, जे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कायमची कबर फार थोड्यांची असते. जागा कमी म्हणून तीनेक वर्षांनी, गावागणिक कमीजास्त, फोंड पुन्हा उघडतात आणि अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक जागी ठेवतात. मावशीचा तसा फोन आला तेव्हा आई दचकली, तिला वाटलं काहीतरी अपशकुन झाला. मामा मात्र शांत होते. म्हणाले, ‘म्हणजे अस्थी गोळा करायच्या. ते आपल्याला येतं.’ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ते कुडाळहून निघाले. या वेळी त्यांनी ‘किती वेळ लागेल’ असं कुणालाच विचारलं नाही.